चढण फुकट आहे. बाकीचा हिशेब असा

म्युनिकला नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आई-बाबा आता पुण्या-नाशिकात, ठाण्या-डोंबिवलीत बरेच सापडतात. पहिले पंधरा दिवस शहर बघण्यात आणि नातवंडांमागे धावण्यात जातात. मग एखाद्या धुतलेल्या सकाळी दक्षिणेला निळी डोंगररांग उभी दिसते आणि ज्याची उमेदीची वर्षं सह्याद्रीत गेली त्याला घरात बसवत नाही. "तिथं जायला किती पडतील गं?" असं मी लेकीला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलेल्या आकड्याला मनातल्या मनात शंभरानं गुणलं आणि गप्प बसले. पुढे कळलं की तो आकडा डोंगराचा नव्हताच. तो रोपवेचा, गाडीभाड्याचा आणि वरच्या हॉटेलातल्या जेवणाचा होता. डोंगर वेगळा काढला की हिशेब पार बदलतो. दोन उन्हाळे तिथं चढून-उतरून मांडलेला तो हिशेब इथं देते आहे. एक युरो म्हणजे शंभर रुपये असं धरून चला. दर थोडा इकडेतिकडे होतो, पण तोंडी हिशेबाला तो सोयीचा आहे.

डोंगराला तिकीट नाही, आणि ही कुणाची मेहेरबानी नाही. म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे त्याच्या १९४६ च्या राज्यघटनेतलं १४१ वं कलम सांगतं की निसर्गाचा आनंद घेण्याचा, रानात आणि डोंगरकुरणांत फिरण्याचा, गरजेपुरती रानफळं तोडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. डोंगर आणि तळी यांच्याकडे जाणाऱ्या वाटा लोकांसाठी मोकळ्या ठेवणं हे सरकारचं आणि गावांचं कर्तव्य ठरवलं आहे. 'प्रत्येकाला' यात पर्यटक व्हिसावर आलेली मीही आले. वाटेत कुणी पावती फाडत नाही. गायींसाठीचं फाटक उघडायचं, आत गेल्यावर नीट लावायचं आणि चालू लागायचं.

म्युनिकच्या दक्षिणेचा हा मुलूख आल्प्सचा उंबरठा आहे. हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगटांत पाणी साचून तळी झाली: श्टार्नबेर्ग, कोखेल, टेगर्न, श्लीअर, कीम, आणि डोंगरांच्या थेट कुशीत वाल्खेन. या नावांमागे लागणारं 'झे' म्हणजे तळं. त्यांच्या काठांवरून उठलेली शिखरं साधारण १,२०० ते १,९०० मीटरची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आकडे ओळखीचेच. हिमकुऱ्हाड किंवा दोर लागतो तो पुढच्या, मोठ्या आल्प्समध्ये. इथं बूट, पाणी, नकाशा आणि सकाळी लवकर उठायची तयारी पुरते.

खर्चाचा पहिला मोठा भाग प्रवासाचा, आणि तिथं निर्णय एकच करायचा असतो: डॉइचलांडटिकेट की बायर्न-टिकेट. डॉइचलांडटिकेट हे देशभरच्या साध्या गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बस यांना चालणारं महिन्याचं तिकीट. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. आयसीई-आयसीसारख्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही, पण तळ्यांकडे जाताना त्या गाड्या लागतही नाहीत. तिकीट नावावर असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. त्यापुढच्या मुलांना मात्र आईबापांच्या तिकिटावर नेता येत नाही.

या तिकिटाची एक गोम आहे आणि ती मला ६३ युरोंना पडली नाही, एवढंच नशीब. ते तिकीट नसून वर्गणी आहे. रद्द करेपर्यंत दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. चालू महिन्याअखेर थांबवायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. अकरावा दिवस उजाडला की पुढचा महिनाही तुमच्या नावावर. शिवाय तिकीट पहिल्या तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं असतं. २० तारखेला घेतलंत तर अनेक विक्रेते पूर्ण महिन्याचे पैसे लावतात. तेव्हा शक्यतो एक तारखेला सुरू करा आणि घेतल्या दिवशीच रद्द करायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून टाका.

बायर्न-टिकेट एका दिवसाचं. एका माणसाला तीस युरोंच्या आसपास, आणि त्याच तिकिटावर सोबतच्या प्रत्येकाला साधारण दहा-दहा युरो, जास्तीत जास्त पाच जण. नवरा-बायको आणि चौदा वर्षांच्या आतली दोन मुलं असतील तर मोठ्या दोघांचेच पैसे पडतात. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, इतर दिवशी सकाळी नऊनंतर. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं. माझं मत असं: आठ-दहा दिवसांसाठी आला असाल आणि एक-दोनदाच डोंगरावर जाणार असाल तर बायर्न-टिकेट. महिनाभर राहणार, शहरातही रोज मेट्रोनं फिरणार, तर डॉइचलांडटिकेटला पर्याय नाही. मग डोंगराचा प्रवास जवळजवळ फुकटात पडतो. विनातिकीट सापडलात तर दंड ६० युरो, आणि 'आम्ही नवीन आहोत' हे तिथं ऐकून घेत नाहीत.

गाडीत बसताना एक बघा. टेगर्नझे आणि श्लीअरझेकडे जाणारी गाडी वाटेत तुटते. होल्त्सकिर्शन आणि शाफ्टलाख या स्थानकांवर डबे वेगळे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात. डब्याच्या दारावरच्या पाटीवर गावाचं नाव असतं, ते वाचूनच आत शिरा. चुकीच्या डब्यात बसलात तर पैसे जात नाहीत, पण सकाळचे दोन तास जातात, आणि डोंगरात सकाळच महाग असते.

पहिल्या चढाईला मी कुणालाही टेगर्नझेच्या वरचं नॉयरॉइट सांगते. म्युनिकहून तासाभरात टेगर्नझे गावचं स्थानक, तिथून बस नको, रोपवे नको, थेट पायवाट. साधारण पाचशे मीटर चढ, दीड तास. वर १,२६० मीटरच्या सुमाराला डोंगरी खानावळ आणि समोर खाली अख्खं तळं. आमच्या ह्यांचे गुडघे कुरकुरतात, पण तेही रमतगमत दोन तासांत वर आले. दोघांचा त्या दिवसाचा खर्च, तिकीट सोडून, एका बशीत वाटून खाल्लेला गोड पदार्थ आणि दोन पेयं मिळून पंचवीस युरोंच्या आत होता. एवढ्यात म्युनिकच्या चौकात धड जेवणही होत नाही.

पण जिच्यासाठी परत परत जावं अशी जागा वाल्खेनझेच्या काठची. म्युनिकहून गाडीनं श्टार्नबेर्गच्या तळ्याकाठानं, टुट्झिंगवरून कोखेल. साधारण सव्वा तास. पुढे ९६०८ क्रमांकाची बस केसलबेर्ग घाटातून वर चढते. या घाटाच्या खाली कोखेलझे आणि पलीकडे वाल्खेनझे, दोन तळ्यांच्या पातळीत दोनशे मीटरचं अंतर. ओस्कार फोन मिलर या अभियंत्यानं तेच अंतर वापरून १९२४ साली इथं वीजकेंद्र उभं केलं. कोयनेचं पाणी बघत वाढलेल्यांना डोंगरउतारावरचे ते जाड नळ बघून लगेच ओळख पटते. जर्मन कवी गटे १७८६ साली इटलीला जाताना याच वाटेनं गेला होता.

घाटमाथ्यावर, ८५८ मीटरवर, उतरलं की दोन शिखरं हाताशी. डावीकडे योखबेर्ग, १,५६५ मीटर, दोन तासांचा चढ, ज्यांना अर्धाच दिवस आहे त्यांच्यासाठी. उजवीकडे हेर्त्सोगश्टांट, १,७३१ मीटर. चढ पावणेनऊशे मीटरचा, बारी गावातून कळसूबाई चढताना लागतो साधारण तेवढाच. पण वाट एकदम वेगळी. बव्हेरियाच्या राजाला घोड्यावरून वर जाता यावं अशी ती बांधली आहे, त्यामुळे रुंद, वळणं घेत जाणारी आणि कुठेही छातीवर न येणारी. अडीच तासांत खानावळ, तिथून अर्धा-पाऊण तासात नागमोडी वाटेनं शिखरावरची छत्री. खाली एका बाजूला दोन्ही तळी, एक काळसर हिरवं, एक फिकट. दुसऱ्या बाजूला कार्वेंडेलची दातेरी भिंत आणि स्वच्छ हवेत २,९६२ मीटरचं त्सुगश्पित्से. तिथं पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा रतनगडाच्या नेढ्यातून खाली भंडारदऱ्याचं पाणी बघितल्याची आठवण झाली. पाण्यावर उठलेला डोंगर माणसाला कुठेही सारखाच धरून ठेवतो.

तिथून हाइमगार्टनपर्यंत जाणारी धार प्रसिद्ध आहे. सुंदर आहे यात वाद नाही, पण दोन्ही बाजूंना उतार तुटलेला आहे, काही जागी तारेचा आधार घ्यावा लागतो. ज्याला उंचीवर गरगरतं त्यानं जाऊ नये, आणि पाऊस पडून गेला असेल तर कुणीच जाऊ नये. वाटांच्या पाट्यांवर रंगाचा ठिपका असतो: निळा सोपी, लाल मध्यम, काळा अवघड. त्या ठिपक्यावर विश्वास ठेवा.

आता रोपवे. वाल्खेनझे गावातून हेर्त्सोगश्टांटला, रोटाख-एगर्नहून वालबेर्गला, आशाऊहून काम्पेनवांटला रोपवे आहेत. मोठ्या माणसाचं जाऊन-येऊन तिकीट वीस ते तीस युरोंच्या पट्ट्यात. मुलांना सवलत असते आणि बहुतेक ठिकाणी कुटुंबाचं वेगळं तिकीट मिळतं, ते मात्र मागावं लागतं. एकेरी तिकीट परतीच्या निम्म्याहून जास्त असतं. घरातल्या चौघांनी वर-खाली रोपवेनं केलं की ऐंशी-शंभर युरो सहज जातात, म्हणजे आठ-दहा हजार रुपये.

लोक एकेरी तिकीट घेतात ते वर जाण्याचं, आणि उतरताना पायी येतात. उलटं करा. चढताना दम लागतो, पण दम परत येतो. उतरताना गुडघ्यांवर जे येतं ते चार दिवस जात नाही. आठशे मीटर उतरण पन्नाशी-साठीच्या गुडघ्यांना फार होते. आम्ही केसलबेर्गहून पायी चढलो, वर निवांत बसलो, आणि ह्यांनी बारा-पंधरा युरोंचं एकेरी तिकीट काढून पाळण्यातून खाली वाल्खेनझे गाठलं. मी चालत उतरले. ते तासभर तळ्याकाठी पाण्यात पाय सोडून बसले होते. या सगळ्या हिशेबात मन लावून खर्च केलेले पैसे म्हणून मला तेच आठवतात. रोपवेची शेवटची फेरी कधी, ते सकाळीच वाचून ठेवा. संध्याकाळी चार-पाचनंतर ती आपल्यासाठी थांबत नाही. एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बरेच रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा घरून निघण्याआधी बघावं. परतीच्या शेवटच्या बसचंही तेच.

काम्पेनवांट १,६६९ मीटर, कीमझेवर. चढण्यापेक्षा बघायला मोठा डोंगर. माथ्याचा शेवटचा टप्पा खडकातला आहे, नवख्यानं खालच्या कुरणावर थांबून तळं बघितलं तरी काही कमी पडत नाही. १,८३८ मीटरच्या वेंडेलश्टाइनवर १९१२ पासून दातेरी रुळांची गाडी जाते. तिचं भाडं रोपवेंपेक्षा बरंच जास्त आहे. माथेरानच्या गाडीवर जीव असलेल्यांनी एकदा जरूर जावं, पण तो दिवस आगगाडीच्या नावानं मांडावा, डोंगराच्या नाही.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर वाटेच्या तोंडाशी वाहनतळाचे दिवसाला पाच ते दहा युरो धरा. उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी नऊच्या आत जागा संपतात. रस्त्याकडेला कुठेतरी लावून गेलात तर परतल्यावर काचेवर चिठ्ठी असते. मुलांचा आग्रह गाडीचाच असतो. तरी मी आगगाडीच सुचवते, कारण एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूला उतरायची मोकळीक गाडी असली की जाते.

खाण्याचं बोलू. वरच्या खानावळीत अर्धा लिटर सफरचंदाचा रस-सोडा चार-पाच युरो, सूप पाच ते आठ, पोटभरीचा एखादा पदार्थ बारा ते सोळा. काही ठिकाणी फक्त रोख चालतं, म्हणून खिशात पन्नास युरो सुट्या नोटांत हवेत. प्रत्येक खानावळीचा आठवड्यातून एक सुट्टीचा दिवस असू शकतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. कायझरश्मार्न हा फाडलेल्या जाड धिरड्यासारखा गोड पदार्थ आणि केझश्पेट्झले हे चीज घातलेलं शेवयांसारखं प्रकरण, दोन्हींत मांस नाही, पण अंडं आहे. बटाट्याच्या सूपमध्ये सॉसेजचे तुकडे असू शकतात. 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय, एवढं पाठ करा. काहीच नसेल तिथं पाव, चीज आणि कुरणावरच्या गवळीवाड्यात मिळणारं ताक असतं. भर दुपारी ते ताक पोटात गेलं की परमुलखात आहोत हे विसरायला होतं.

स्वस्तात करायचं तर डबा न्या. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाणे-गूळ. आपला जुना ट्रेकचा डबा तिथंही तितकाच चालतो. फक्त खानावळीच्या टेबलावर बसून स्वतःचा डबा उघडू नका, बाहेरच्या बाकावर किंवा कुरणात बसा. आणि हा डबा लेकीच्या घरी बनवा: पेढे, बर्फी, खवा असले दुधाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. रविवारी बव्हेरियातली किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीही रात्री आठनंतर काही मिळत नाही. मग स्थानकावरच्या दुकानात तीच वस्तू महाग पडते. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पिण्याजोगं असतं. घेतलंच तर प्लास्टिकच्या बाटलीवरचे २५ सेंट अनामत असतात, बाटली दुकानातल्या यंत्रात परत दिली की मिळतात.

शिखराजवळ मुक्काम करायचा असेल, किंवा मुलं तिथंच स्थायिक असतील, तर जर्मन आल्पाइन क्लबचा विचार करा. १८६९ साली म्युनिकमध्येच स्थापन झालेली ही संस्था डोंगरावरची शेकडो निवारागृहं चालवते. वार्षिक वर्गणी विभागागणिक बदलते. मोठ्या माणसाला साधारण सत्तर ते शंभर युरो. निवाऱ्यात सामाईक गादीवर झोपायचं तर सभासदाला बिगरसभासदापेक्षा किमान दहा युरो कमी पडतात. बूट, काठ्या, हेल्मेट अशी सामग्री विभाग सभासदांना भाड्यानं देतात. पण वर्गणीचं खरं मोल तिच्यासोबत येणाऱ्या विम्यात आहे: डोंगरात शोध आणि सुटकेचा खर्च माणशी २५,००० युरोपर्यंत. एक सप्टेंबरनंतर सभासद झाल्यास त्या वर्षाची निम्मी वर्गणी. सोडायचं असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षाची लागते. मुक्कामाला पातळ झोपण्याची पिशवी स्वतःची लागते, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते.

विम्यात काटकसर नको. शेंगेन व्हिसाचे ९० युरो, त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. हा विमा सगळेच काढतात, पण त्यातली बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. 'साहसी खेळ वगळून' असं लिहिलेलं असेल तर डोंगरवाटेवर चालणं त्यात धरलं आहे का, हे कंपनीकडून ई-मेलवर लिहून घ्या. फोनवरचं 'हो मॅडम, सगळं कव्हर आहे' पुढे कामाला येत नाही. पाय मुरगळून बसलेल्या माणसाला हेलिकॉप्टरनं खाली आणलं तर खर्च हजारो युरोंत जातो. आणि इजा झालेली नाही, नुसतेच अडकलो, म्हणून सोडवून आणलं, तर साधा वैद्यकीय विमा हात वर करू शकतो. मदतीचा क्रमांक ११२. फोनला रेंज नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीची खूण, मग एक मिनिट थांबून पुन्हा; उत्तर मिनिटाला तीन खुणांचं येतं.

बुटांतही काटकसर नको. सह्याद्रीचा बेसॉल्ट खडक पाऊल धरतो, म्हणून आपल्याकडे साध्या बुटांवरही निभावतं. इथं चुनखडक आहे, हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला, आणि ओला झाला की साबणासारखा. खोल नक्षीच्या तळव्याचे, घोटा धरणारे बूट पुण्यातच पाच-सात हजारांत घ्या आणि सिंहगडावर दोन-तीनदा घालून पायाला बसवून न्या. काठ्यांची जोडी उतरताना गुडघ्यांना आधार देते. तीही भारतातूनच नेलेली स्वस्त पडते.

मोसम मेअखेर ते ऑक्टोबर. उत्तरेकडच्या उतारांवर जूनच्या सुरुवातीलाही बर्फाचे पट्टे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा कडाडतात, म्हणून एक-दीडपर्यंत शिखर सोडलेलं बरं. गायींच्या कळपात वासरं असतील तर लांबून वळसा घाला. घंटा गोड वाजते म्हणून फोटोसाठी जवळ जाऊ नका. आणि गवतातल्या गोचिडी: बव्हेरियात त्यांच्यामुळे मेंदूज्वर आणि लाइम रोग पसरतो. पूर्ण पायघोळ विजार घाला, संध्याकाळी काखा, गुडघ्यामागची घडी, कानामागची जागा एकमेकांची तपासा. गोचीड काढायचं छोटं कार्ड औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतं. लांब राहणार असाल तर मेंदूज्वराच्या लसीबद्दल आधीच डॉक्टरांना विचारा. तिचे डोस अंतरानं घ्यायचे असतात.

हेर्त्सोगश्टांटहून उतरलात आणि बसला वेळ असला तर वाल्खेनझेत उतरा. पाणी ऑगस्टमध्येही गार आहे, काठ खडकाळ आहे, आणि पोहायला एक पैसाही पडत नाही. पिशवीत एक पंचा मात्र सकाळीच टाकलेला असू द्या.